पूर्ण उतरल्याशिवाय लावू नये

माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं, की माझी बायको सुनंदा एका वाक्यात उत्तर देते, "हे बॅटऱ्या उतरवायचे." ऐकणाऱ्याला वाटतं, मी कुठल्या तरी गोदामात हमाल होतो आणि ट्रकमधून माल खाली घ्यायचो. मग मला पुढे होऊन सांगावं लागतं, की तसं नव्हे हो, डॉक्टरांची मशीनं असतात, ईसीजी वगैरे, त्यांच्या पोटात बॅटरी असते, ती मी आधी पूर्ण रिकामी करायचो आणि मग भरायचो. यावर लोक म्हणतात, "भरायचीच होती तर रिकामी कशाला करायची?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर लोकांना देण्यात माझी वीसेक वर्षं गेली आणि एकदा ते उत्तर मी चुकीच्या जागी दिलं. ही हकिकत त्याचीच आहे. पण तिथे पोचायला मला जरा वेळ लागेल, कारण स्वतःच्या चुकीकडे माणूस हळूहळूच जातो.

नाशिकमध्ये वैद्यकीय उपकरणं विकणारी एक एजन्सी होती. मालक विकायचे, आणि विकलेलं बंद पडलं की मी जायचो. माझ्या कार्डावर 'सर्व्हिस इंजिनिअर' असं छापलेलं होतं. शिक्षण म्हणाल तर आयटीआय, रेडिओ-टीव्हीचा ट्रेड. लहानपणी वडिलांचा ट्रान्झिस्टर उघडला होता, त्याचं झाकण पुन्हा कधी बंद झालं नाही, आवाज मात्र पहिल्याच दिवशी बंद झाला. एवढ्या अनुभवावर मालकांनी मला घेतलं. स्कूटर, मल्टिमीटर, स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि अख्खा जिल्हा त्यांनी माझ्या ताब्यात दिला.

माझ्याकडे हातात धरून नेता येतील अशी मशीनं असायची. पेटीएवढा ईसीजी, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजणारं यंत्र, शाळेतल्या मुलांचे कान तपासायचं यंत्र. शिबिरांना, खेडोपाडी, जिथे विजेचा भरवसा नाही तिथे ती न्यायची, म्हणून त्यांना बॅटरी. नव्वदच्या दशकात या बॅटऱ्या म्हणजे निकेल-कॅडमियमचे सेल असायचे. हे सेल स्वभावाने आळशी. रोज थोडंसं काम घेऊन लगेच भरून ठेवलं, की त्यांना तशीच सवय लागायची. आपलं काम एवढंच, असं धरून तेवढं झालं की ते बसकण मारायचे. आमच्या धंद्यात याला 'मेमरी बसली' म्हणत. उपाय असा, की महिन्यातून एकदा मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं, मग चौदा-सोळा तास चार्जिंगला लावायचं आणि भरलं की पिन काढून ठेवायची. आळस झटकला जायचा आणि सेल पुन्हा कामाला लागायचे.

ज्यांनी हे केलं नाही त्यांच्या बॅटऱ्या माझ्या घरी यायच्या. नाशिक रोडला आमच्या दोन खोल्या आणि एक चिंचोळी गॅलरी होती. गॅलरीतल्या दांडीवर मी स्कूटरच्या हेडलाइटचे बल्ब टांगायचो आणि एकेका बल्बला एकेक बॅटरी जोडायचो. बल्ब मंद होत होत नुसती लाल तार दिसू लागली, की बॅटरी रिकामी झाली असं समजायचं. भर दुपारी सहा-सात बल्ब लखलखत असायचे आणि सुनंदाला कपडे वाळत घालायला जागा नसायची. शेजारी पगारेकाका राहायचे. ते नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे बारीकसारीक दोष त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एका दिवाळीत ते मुद्दाम दार वाजवून सांगायला आले, "अहो, तुमच्या माळेतले बल्ब एकेक करून विझायला लागलेत." मी म्हणालो, "काका, विझावेत म्हणूनच लावलेत." त्यानंतर त्यांनी मला कधी काही सुचवलं नाही.

गिऱ्हाइकांकडे मात्र माझी अशी छाप पडत नसे. सायखेड्याच्या एका डॉक्टरांचा ईसीजी आठवतो. डॉक्टरांची तक्रार होती, की बॅटरी एक पेशंटसुद्धा धरत नाही. मी रुबाबात सांगितलं, "मेमरी बसलीय." बॅटरी घरी आणली, तीनदा उतरवली, भरली, परत नेऊन बसवली. आठवड्याने पुन्हा फोन. मी नवी बॅटरी घातली. पुन्हा फोन. मी चार्जर बदलला, मशीनमधली एक वायर बदलली, शेवटी तर मी मशीन बनवणाऱ्यांच्या अकलेवर दवाखान्यात उभं राहून छोटंसं भाषणही केलं. ते ऐकत केर काढणाऱ्या मावशींनी जाताना दारामागचा मोठा खटका खाली ओढला आणि दवाखान्यातला पंखा, दिवा, चार्जर सगळं एकदम बंद पडलं.

मी विचारलं, "मावशी, हे रोज करता?"

"मंग? डॉक्टरांनीच सांगितलंय. रातच्याला काय पेटलं-बिटलं म्हंजी कोण बघणार? सकाळी आले की चालू करते."

म्हणजे मशीन रात्रभर चार्जिंगला होतं आणि रात्रभर वीज बंद होती. दोन महिने मी मशीनच्या आत दोष शोधत होतो. दोष शोधताना माणसाने आधी भिंतीकडे बघावं, हे मला कोणत्याही कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. मावशींनी मात्र माझी कीव केली आणि चहा पाजला.

दुसरा प्रसंग दिंडोरीकडच्या एका शाळेतला. कान तपासणीचं शिबिर होतं आणि यंत्र आमचं म्हणून मीही सोबत. मुलाच्या कानावर हेडफोन लावायचा, तपासनीस बटण दाबेल तसा 'टूं' असा आवाज येईल, ऐकू आला की मुलाने बोट वर करायचं, अशी पद्धत. सकाळपासून दीडशेच्या आसपास मुलं झाली. सगळ्यांचे कान उत्तम. गुरुजी खूश, मी त्याहून खूश. मग एक मुलगी आली. तपासनीसाने बटण दाबलं, ती गप्प. पुन्हा दाबलं, तरी गप्प. "काय ऐकू येतं?" विचारलं तर म्हणाली, "कायच नाय." तिचं नाव 'मोठ्या दवाखान्यात पाठवणे' या यादीत गेलं. तिच्या मागच्या मुलाने लगेच बोट वर केलं, आणि मला शंका आली, कारण तपासनीसाने अजून बटण दाबलंच नव्हतं, नुसता हात उचलला होता. मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. आत सामसूम होती. बॅटरी केव्हाच उतरली होती. यंत्रावरचा हिरवा दिवा तेवढा जळत होता, कारण दिवा जळायला फारसं काही लागत नाही, आवाज काढायला लागतं. किती मुलांनी तपासनीसाचा हात बघून बोटं वर केली होती कुणास ठाऊक. खरं बोललेली मुलगी एकच आणि बहिरी ठरली होती तीही तीच. तिचं नाव मी खोडायला लावलं आणि सगळी शाळा दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवली. तेव्हा हा किस्सा मी वर्षभर हसत हसत सांगायचो. त्या मुलीकडे मी तेव्हा नीट बघायला हवं होतं, असं आता वाटतं.

अशा प्रसंगांनंतर मी ठरवलं, की लोकांना तोंडी सांगून उपयोग नाही, लिहून द्यायला हवं. माझं अक्षर मलाही लागत नाही. सुनंदा शाळेत शिक्षिका, तिचं अक्षर मोत्यासारखं. तिच्याकडून मी एक चिठ्ठी लिहून घेतली. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. महिन्यातून एकदा मशीन बंद पडेपर्यंत चालवावे. चार्जिंग झाल्यावर पिन काढून ठेवावी. खाली ठळक अक्षरांत 'आज्ञेवरून' असं लिहायला मी सांगितलं होतं. सुनंदाने विचारलं, "कुणाच्या?" मग ते राहिलं. या चिठ्ठीच्या मी झेरॉक्स काढल्या, प्लॅस्टिकमध्ये पॅक करून घेतल्या आणि जिल्ह्यातल्या जमेल तेवढ्या दवाखान्यांत विजेच्या पॉइंटच्या वर भिंतीला चिकटवल्या. माझं एवढंच लेखन प्रसिद्ध झालं, पण त्याचा प्रसार चांगला होता. वाचक मात्र कमी. बहुतेक ठिकाणी त्या चिठ्ठीवरच खिळा ठोकून कॅलेंडर अडकवलेलं असायचं.

मन लावून वाचणारी एकच भेटली. पेठच्या बाजूला घाट चढून गेल्यावर एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. ट्रस्टचे असे चार-पाच दवाखाने होते, त्यातला एक आमच्या नाशिक रोडला. त्या सगळ्यांच्या मशीनांची देखभाल वर्षाच्या करारावर आमच्या एजन्सीकडे होती. घाटावरच्या दवाखान्यात गांगुर्डे सिस्टर होत्या. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे, बाकी सगळं सिस्टरांवर. त्यांचे यजमान नाशिक रोडला नोकरीला, मुलगी तिथेच शाळेत. सिस्टर शनिवारी एसटीने घरी जायच्या आणि सोमवारी पहाटे परत निघायच्या. सात वर्षं त्या असं करत होत्या आणि नाशिक रोडच्या दवाखान्यात बदली मागत होत्या.

सिस्टरांनी माझ्या चिठ्ठीसाठी एक वेगळी वही केली होती. मशीन कधी उतरवलं, किती वेळ चाललं, कधी लावलं, पिन कधी काढली, सगळं तारखेनिशी. त्यांच्या जुन्या ईसीजीची बॅटरी सहा वर्षं टिकली. मी इतर दवाखान्यांत जाऊन त्यांचं उदाहरण द्यायचो. "गांगुर्डे सिस्टरांकडून शिका," असं म्हणताना खरं तर मी माझीच पाठ थोपटत असायचो.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाल्यावर तो जुना ईसीजी म्हातारा झाला आणि ट्रस्टने आमच्याकडून नवा घेतला. तो पोचवायला मीच गेलो. मशीन सुरू करून दाखवलं, स्वतःच्या छातीची एक पट्टी काढून दाखवली. सिस्टर म्हणाल्या, "सर, भिंतीवरची चिठ्ठी पुसट झालीय. नवी असली तर द्या ना. नवीन मशीन, नवीन चिठ्ठी."

माझ्या बॅगेत गठ्ठाच होता. मी मोठ्या कौतुकाने एक काढली आणि पॉइंटच्या वर सरळ रेषेत चिकटवली. मशीनचं माहितीपुस्तक खोक्यात होतं. खोकं पुठ्ठा चांगला म्हणून मी घरी आणलं.

आता धंद्यातली एक साधी गोष्ट सांगतो. नव्या मशीनमध्ये निकेल-कॅडमियमचे सेल नव्हते. त्यात सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी होती, म्हणजे स्कूटरच्या बॅटरीची धाकटी बहीण. हिचा स्वभाव अगदी उलटा. हिला उपास सोसत नाही. ती कायम भरलेलीच ठेवावी लागते, पिन काढायचीच नाही. पूर्ण उतरवून तशीच ठेवली, की आतल्या पट्ट्यांवर क्षार धरतात, दर वेळी जरा जास्त, आणि शेवटी ती वीज घेतच नाही. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. कुणी विचारलं असतं तर मी फळ्यावर आकृती काढून समजावलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. बॅटरी म्हटली की चिठ्ठी, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. मेमरी सेलला बसते असं मी जन्मभर सांगत आलो, ती मला बसली होती.

ती वर्षं लोडशेडिंगची होती. घाटावर दिवसाचे आठ-दहा तास वीज नसायची. पाच-सहा महिन्यांनी सिस्टरांचा एजन्सीत फोन आला. "सर, बॅटरी लवकर उतरतेय. आधी तीन तास चालायची, आता तासभर बी नाय चालत."

मी दुसऱ्या एका मशीनचं झाकण उघडून बसलो होतो. फोन खांद्यावर धरून म्हणालो, "मेमरी बसली असेल, सिस्टर. अजून तीनदा पूर्ण उतरवा, होईल ठीक."

"बरं," त्या म्हणाल्या.

एप्रिल महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, भोयेबाबा म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला छातीत दुखतंय म्हणून माणसांनी उचलून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांचा वार नव्हता. वीज नव्हती. सिस्टरांनी मशीन काढलं, वायरी लावल्या, बटण दाबलं आणि मशीन एकदा चमकून बंद पडलं. पट्टी निघाली असती तर सिस्टर फोनवर डॉक्टरांना सांगून पुढचं काही ठरवू शकल्या असत्या. त्यांनी वाट बघितली नाही. जीप बोलावली, बाबांना घातलं, स्वतः शेजारी बसल्या आणि घाट उतरून नाशिकला आणलं. भोयेबाबा वाचले. ते वाचले म्हणून मी हे लिहू शकतो, नाहीतर एवढं धाडस माझ्याकडून झालं नसतं.

बाबांच्या पुतण्याने ट्रस्टकडे तक्रार केली. ऐन वेळी मशीन बंद पडतं म्हणजे काय, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. ट्रस्टने मशीन चादरीत गुंडाळून आमच्याकडे पाठवलं. मी झाकण काढलं, बॅटरीला मीटर लावला. बारा व्होल्टची बॅटरी तीनवर आली होती आणि पोट फुगलेलं. मी रिपोर्ट लिहिला: 'बॅटरी वारंवार पूर्ण उतरवून तशीच ठेवल्याने निकामी. वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा.' शेवटचं वाक्य मला तोंडपाठ होतं. आमच्या धंद्यात ते सगळेच सरसकट लिहायचे, म्हणजे कंपनी मोकळी, एजन्सी मोकळी. ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कुणीच नव्हतं. सिस्टर नव्हत्या, भिंत नव्हती, भिंतीवरची चिठ्ठीही नव्हती.

पंधरवड्याने ट्रस्टच्या कार्यवाहांनी मला बोलावलं. ते निवृत्त मुख्याध्यापक, आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, "तुमच्या रिपोर्टवरून गांगुर्डे सिस्टरना मेमो दिला. सेवापुस्तकात शेरा जाणार आहे. त्यांनी खुलासा म्हणून ही वही पाठवलीय. मला यातलं कळत नाही, तुम्ही वाचा."

मी वही उघडली. पहिल्या पानावर त्यांनी चिठ्ठीतली तीनही वाक्यं उतरवून घेतली होती. पुढे महिन्यांमागून महिने होते. पूर्ण उतरवली, तीन तास चालली. पूर्ण उतरवली, अडीच तास. वीज नसल्याने दोन दिवसांनी लावली. पूर्ण उतरवली, दीड तास. भरल्यावर पिन काढली. एवढ्या नेटाने, एवढ्या टापटिपीने एखाद्या बॅटरीला कुणी मारलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि कसं मारायचं ते मीच शिकवलं होतं. मग एका पानावर लिहिलं होतं: 'एक तासात उतरली. सरांना फोन केला. सर म्हणाले, अजून तीनदा पूर्ण उतरवा. तीनदा उतरवली.'

कार्यवाहांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यातले सर म्हणजे कोण?"

माझ्या हातात माझ्याच एजन्सीचं कार्ड होतं. मी म्हणालो, "चौकशी करून सांगतो."

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. मी कोण, याची चौकशी करायला मी वेळ मागून घेतला आणि जिना उतरलो. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, करार जूनमध्ये पुन्हा व्हायचाय, तोवर तोंड उघडू नका, होईल काहीतरी. मला तेच ऐकायचं होतं. मालकांनी सांगितलंय, असं म्हणत मी स्वस्थ राहिलो. रोज सकाळी ठरवायचो, आज जाऊन सांगू, आणि रोज एखाद्या डॉक्टरांचं काहीतरी फारच तातडीचं निघायचं. इतक्या तत्परतेने मी पूर्वी कधी काम केलं नव्हतं. लाज वाटत होती, पण जिन्याकडे पाय वळत नव्हते.

शेवटी एका रविवारी जेवताना मी सुनंदाला सगळं सांगितलं, पण सांगताना वळण असं दिलं, की बघ, माणसं किती शब्दशः वागतात, वहीसुद्धा केली होती. मला वाटलं, ती हसेल.

तिने ताटातून हात उचलला. "त्या चिठ्ठीवरचं अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "मी जाऊ का उद्या सांगायला?"

"तू कशाला?"

"मग तुम्ही जाणार आहात का?"

मी म्हणालो, "पत्र लिहून देतो. तू जरा चांगल्या अक्षरात..."

"या वेळी नाही," ती म्हणाली. "तुमच्या अक्षरात लिहा. वाचणारे वाचतील."

मी लिहिलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन मसुद्यांत 'अनवधानाने', 'परिस्थितीवशात' असे शब्द येत होते, ते चौथ्यात गेले. सूचना मी दिली, ती चुकीची होती, फोनवर मीच ती पुन्हा दिली, आणि रिपोर्टमधलं शेवटचं वाक्य माझ्याबद्दल समजावं. सोमवारी पत्र नेऊन दिलं. कार्यवाहांनी चष्मा वर-खाली करून ते दोनदा वाचलं. एकदा कळण्यासाठी आणि एकदा अक्षरासाठी.

"चौकशीला अकरा दिवस लागले," ते म्हणाले.



त्यांनी माझ्यासमोर सेवापुस्तक मागवलं, लाल शाईने शेरा खोडला, बाजूला सही केली. मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "बदल्यांची यादी मात्र परवा लागली. शेरा असलेल्यांची नावं विचारात घेतली नव्हती. नाशिक रोडची जागा भरली. आता पुढच्या मेमध्ये."

करार अर्थातच दुसऱ्या एजन्सीकडे गेला. मालकांनी मला काढलं नाही, फक्त दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. ही शिक्षा होती की बक्षीस, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

करार संपायच्या आधी नवी बॅटरी घेऊन मी घाटावर गेलो. सिस्टर टेबलापाशी बँडेजच्या गुंडाळ्या करत होत्या. मी बॅटरी बसवली, मशीन सुरू करून बघितलं आणि मग जे बोलायला आलो होतो ते बोललो. "सिस्टर, चूक माझी होती."

"कळलं. ऑफिसातून कागद आला. शेरा काढल्याचा." त्यांनी एक गुंडाळी संपवून दुसरी घेतली. "यंदा पोरीची दहावी. मी तिला सांगून बसले होते, जूनपासून आई घरी. ती म्हणे, मंग मला डबा तू देशील का रोज. म्हटलं, हो."

माफ करा, असं मी म्हणालो, आणि म्हणताना ते किती लहान आहे हे मला कळत होतं. सिस्टर रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी कपाटातून तीच वही काढली, नवं पान उघडलं आणि पेन घेऊन बसल्या. "आता सांगा. ही नवी बॅटरी कशी ठेवायची?"

"कायम लावून ठेवायची. पिन काढायची नाही. पूर्ण उतरू द्यायची नाही. वीज आली की आधी मशीन लावायचं."

"म्हंजी पहिल्याच्या समदं उलटं?"

"हो. जुन्या मशीनची बॅटरी वेगळ्या जातीची होती. तिला ते बरोबर होतं."

"ते चिठ्ठीत लिहायला पाहिजे व्हतं ना, सर."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, एक शब्द दुरुस्त करून घेतला. मग वही माझ्याकडे फिरवली आणि पेन पुढे केलं. "खाली सही करा. नावबी लिहा. आन् तारीख."

मी तिन्ही गोष्टी लिहिल्या. माझं अक्षर बघून त्यांनी शेजारी त्यांच्या अक्षरात माझं नाव पुन्हा लिहिलं, वाचता यावं म्हणून.

पुढच्या मे महिन्यात गांगुर्डे सिस्टरांची नाशिक रोडला बदली झाली. आमच्या घरापासून तो दवाखाना दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि पावसाळ्यात सुनंदाने मला तिथे पेढे घेऊन पाठवलं होतं. सिस्टरांनी पेढा घेतला, चहा मागवला, सुनंदाची चौकशी केली. मुलीची दहावी तेव्हा होऊन गेली होती आणि ती अकरावीसाठी पुण्याला मामाकडे राहायला गेली होती.